पिंपळाची जात, पाखराची जात आणि माणसाची जात

'जात' या शब्दाने आपल्या समाजाला जितके छळले, तितके दुसऱ्या कुठल्याही शब्दाने छळले नसेल. शाळेत नाव घालताना तो विचारला जातो, भाड्याची खोली बघायला गेले की तो आडून आडून विचारला जातो, आणि लग्न जमवताना तर तो सगळ्यांच्या आधी दारात उभा असतो. हाच शब्द आपल्या मुलांना आणखी एका ठिकाणी भेटतो. ते ठिकाण म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला 'सजीवांचे वर्गीकरण' हा धडा. तिथे आंब्याची जाती असते, वाघाची जाती असते, बेडकाची जाती असते. मूल पुस्तक मिटते आणि आईबापांना विचारते, "आंब्याला जाती आहे, वाघाला जाती आहे, मग माणसांत जाती असल्या तर त्यात चूक काय?"

मुलाचा प्रश्न निर्मळ असतो. पण हाच प्रश्न काही शहाणे लोक मुद्दाम फिरवून वापरतात. "घोडा घोड्यात शोभतो, गाढव गाढवात शोभते, जाती निसर्गानेच केल्या आहेत," असे लोकलच्या डब्यात, कचेरीच्या कॅन्टीनमध्ये आणि लग्नाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणारा पदवीधर असला की ऐकणाऱ्याला वाटते, हे विज्ञानच असले पाहिजे. म्हणून आम्ही ठरवले की या वेळी कुटुंबाच्या पानावर विज्ञानालाच बोलवावे आणि विचारावे, बाबा रे, जाती म्हणजे नेमके काय? ती कोण ठरवतो, कशावरून ठरवतो? आणि माणसाच्या नावापुढे तू काय लिहिले आहेस?

वर्गीकरण कशाला हवे?

जगातल्या सुमारे २० लाख प्रकारच्या सजीवांना शास्त्रज्ञांनी आजवर नावे दिली आहेत, आणि नाव न मिळालेले त्याहूनही किती तरी जास्त आहेत. एवढा पसारा लक्षात ठेवायचा तर गट पाडणे भाग आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. वर्गीकरणाचे महत्त्व आम्हांला वेगळे सांगायला नको. आलेला प्रत्येक कागद एकाच कपाटात कोंबला तर गरजेच्या वेळी एकही सापडत नाही. म्हणून फाइली लावायच्या, खाती पाडायची, रोजच्या नोंदी खतावणीत चढवायच्या.

मात्र कचेरीच्या फाइलीत आणि जीवशास्त्राच्या वर्गीकरणात एक फरक आहे. फाइली आपण आपल्या सोयीने लावतो. साहेब बदलला की पद्धत बदलते. जीवशास्त्र विचारते ते नाते. कोण कोणाचा जवळचा, कोण दूरचा, दोघांचे पूर्वज कुठे एक होते. चार्ल्स डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला. सगळे सजीव एकाच मोठ्या झाडाच्या फांद्या आहेत, ही गोष्ट त्यानंतर शास्त्रात पक्की झाली. तेव्हापासून वर्गीकरण म्हणजे या झाडाची वंशावळ शोधणे, असाच अर्थ झाला. वंशावळीत जवळ आणि लांब असते. उच्च आणि नीच नसते. हा मुद्दा वाचकांनी मनात पक्का धरून ठेवावा.

बोधिवृक्षाच्या सात पायऱ्या

आजच्या वर्गीकरणाचा पाया स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने घातला. तो १७०७ साली एका पाद्र्याच्या घरी जन्मला आणि पुढे उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाला. १७३५ साली त्याने 'सिस्टिमा नॅचुरी' हे डझनभर पानांचे पुस्तक काढले. आवृत्तीगणिक ते वाढत गेले. वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली त्याने प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत सर्वत्र लावली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे घराणे आणि व्यक्तीचे नाव असते, तसेच काहीसे. मराठीत तोच आंबा आणि हिंदीत आम, पण शास्त्रात जगभर एकच नाव : मँगिफेरा इंडिका.

शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाच्या सात पायऱ्या दिलेल्या असतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वनस्पतींच्या बाबतीत संघाला विभाग म्हणतात. यांतले संघ, गण, कुल हे शब्द बुद्धकाळापासून आपल्या कानावरचे आहेत. या पायऱ्या समजून घ्यायला आम्ही आपल्या सगळ्यांना वंदनीय असलेले झाडच घेतो. तो म्हणजे पिंपळ, आपला बोधिवृक्ष.

पिंपळाची सृष्टी वनस्पतींची. तो फुलझाडांच्या विभागातला आणि द्विदल वर्गातला. आजच्या वर्गीकरणात त्याच्या गणात गुलाब आणि बोरही येतात. त्याचे कुल फणसाचे आणि तुतीचे. त्याची प्रजाती फायकस. या प्रजातीत जगभर सुमारे ८०० भावंडे आहेत. आपल्या ओळखीची म्हणजे वड, उंबर आणि अंजीर. वडाचे नाव फायकस बेंघालेन्सिस, उंबराचे फायकस रेसिमोसा, अंजिराचे फायकस कॅरिका. पिंपळाचे नाव फायकस रिलिजिओसा. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. 'रिलिजिओसा' म्हणजे धर्माशी निगडित. या झाडाला पूर्वेकडे लोक पूज्य मानतात, ही कीर्ती त्या काळी स्वीडनपर्यंत पोचली होती.

वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर भावंडे आहेत हे कशावरून? आपल्याकडे न दिसणाऱ्या गोष्टीला 'उंबराचे फूल' म्हणतात. खरे म्हणजे उंबराला भरपूर फुले असतात, पण ती फळाच्या पोटात असतात. कच्चे उंबर मधोमध कापून बघा. आत बारीक फुलांची दाटी दिसेल. गावाकडे ज्यांना केंबरे म्हणतात ते किडेही पिकलेल्या उंबरात सापडतील. त्यांच्यातल्या बारीक गांधीलमाश्या एका फळातले पराग दुसऱ्यात नेतात. वडाचे, पिंपळाचे, अंजिराचे फळही याच घडणीचे. पाने निराळी, खोड निराळे, पण फूल पोटात लपवायची रीत एकच. ही झाली नात्याची खूण.

वरचे रूप फसवते

एवढ्यावरून कोणी म्हणेल की एक खूण सापडली की काम झाले. तसे नाही. वडाचे पान तोडले की पांढरा चीक येतो, तसा पिंपळालाही येतो. पण चीक रुईलाही येतो, आणि रुई यांच्या कुलातली नाही. वटवाघूळ उडते, पण ते पक्षी नव्हे. ते पिलांना दूध पाजते, म्हणून ते सस्तन. देवमासा समुद्रात राहतो, पण तोही पिलांना दूध पाजतो. आपण बाजारातून बोंबील आणि जवळा एकाच पिशवीत आणतो आणि दोघांना 'मासळी' म्हणतो. बोंबील खरा मासा. त्याला कणा आहे. जवळा आणि कोळंबी यांना कणाच नाही. ती झुरळ आणि कोळी यांच्या संघातली, सांध्यासांध्यांच्या पायांची मंडळी. आमच्या भगिनींनी हे वाचून कालवणाची पातेली उलटी करू नयेत. चवीत काही फरक पडत नाही!

उलटही घडते. भाजीवाल्याकडे कोबी, फुलकोबी आणि नवलकोल शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकाची पाने खायची, एकाचा फुलांचा गड्डा, एकाचे फुगलेले खोड. कोणीही सांगेल की या तीन वेगळ्या जाती आहेत. पण तिन्हींची जाती एकच : ब्रासिका ओलेरेसिया. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवडून निवडून एकाच रोपाची ही रूपे घडवली. हापूस, पायरी आणि रायवळ यांच्या भावात केवढे अंतर असते! हापूस पेटीत बसतो, रायवळ टोपलीत. पण शास्त्राच्या वहीत तिघांची नोंद एकाच ओळीत आहे. भाव बाजाराने ठरवला, जाती एकच.

आता स्वयंपाकघरात वळू. वांगे, बटाटा आणि टोमॅटो यांची प्रजाती एकच, सोलॅनम. मिरचीची प्रजाती निराळी, पण कुल तेच. त्याच कुलात तंबाखू आहे आणि विषारी धोत्राही आहे. यांतले बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे ज्या मिरचीशिवाय आपल्या भाकरीला चव नाही, ती परदेशातून आलेली पाहुणी. 'आमचे', 'परक्यांचे', 'पूर्वापार' असे ज्या गोष्टींबद्दल आपण बोलतो, त्यांतल्या पुष्कळ गोष्टी निसर्गाच्या वहीत निराळ्या निघतात.

जाती ठरते कशी?

रूपावर जायचे नाही, एका खुणेवर जायचे नाही, मग जाती ठरवायची कशी? अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने १९४२ साली सांगितलेली कसोटी प्राण्यांसाठी आजही सर्रास वापरली जाते. निसर्गात ज्यांचा आपसात संकर होतो आणि ज्यांची संतती पुढे प्रजोत्पादन करू शकते, ते सगळे एका जातीचे. जंतूंसारख्या, नर-मादी नसलेल्या सजीवांना ही कसोटी लागू पडत नाही. तिथे दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. पण आपल्या प्रश्नापुरती ती पुरेशी आहे.

गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात उभ्या असतात, एकच कडबा खातात, पण त्यांच्यात संकर होत नाही. घोडी आणि गाढव यांचा संकर होतो, त्यापासून खेचर जन्मते. पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या पेशीत ६२. खेचराच्या वाट्याला येतात ६३. त्यांची जोडी नीट जुळत नाही. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती.

आता हीच कसोटी माणसाला लावा. कुठल्याही देशाचा पुरुष आणि कुठल्याही देशाची स्त्री, कुठल्याही वर्णाचा आणि कुठल्याही धर्माचा. त्यांचे मूल जन्मते, हसते, रांगते, वाढते आणि स्वतः आई किंवा बाप होते. सगळ्यांच्या पेशीत गुणसूत्रे ४६. घोड्या-गाढवाचा दाखला देणाऱ्याला एवढेच विचारावे : बाबा, आंतरजातीय लग्नातून खेचर जन्मलेले तू कुठे पाहिलेस?

अडीच हजार वर्षांपूर्वीचा युक्तिवाद

वाचक हो, खेचराचा हा युक्तिवाद आमचा नाही. तो तथागतांचा आहे.

मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. श्रावस्तीतल्या ब्राह्मणांनी अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या विद्वान मुलाला भगवंतांशी वाद करायला पाठवले. ब्राह्मण तेवढे श्रेष्ठ, हा त्याचा मुद्दा. भगवंतांनी त्याला एकामागून एक प्रश्न विचारले. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांसारख्याच ऋतुमती होतात, गर्भार राहतात, बाळंत होतात, मुलाला पाजतात की नाही? क्षत्रिय कुमार आणि ब्राह्मण कन्या यांचे मूल आईसारखे आणि बापासारखे दिसेल की नाही? मग घोडी आणि गाढव यांच्या पिलाचे काय? अस्सलायनालाच कबूल करावे लागले की खेचरात फरक दिसतो, माणसांच्या मुलात फरक दिसत नाही.

सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त तर याहून विस्तृत आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद पडला. भारद्वाज म्हणे, माणूस जन्माने ब्राह्मण होतो. वासेट्ठ म्हणे, शीलाने होतो. दोघे निवाड्यासाठी भगवंतांकडे आले. भगवंतांनी आधी गवत आणि झाडे घेतली, मग किडे, पतंग आणि मुंग्या, मग लहानमोठे चतुष्पाद, मग पोटावर सरपटणारे साप, मग पाण्यातले मासे, मग पंखांनी उडणारे पक्षी. प्रत्येक ठिकाणी त्यांनी दाखवले की यांच्यात जातीजातीची खूण शरीरावरच असते. मग ते माणसाकडे आले. केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, खांदे, पोट, पाठ, हात, पाय असा एकेक अवयव घेऊन त्यांनी सांगितले की माणसांत अशी वेगवेगळ्या जातींची खूण कुठेच नाही. माणसामाणसांतला भेद हा नावापुरता, व्यवहाराचा आहे. जो गुरे राखून आणि शेती करून जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी.

भगवंत जीवशास्त्राचा धडा घेत नव्हते. माणसाच्या दुःखाचा उलगडा करत होते. पण पद्धत पाहा. आधी निरीक्षण, मग तुलना, मग निष्कर्ष. ग्रंथात काय लिहिले आहे हे त्यांनी विचारले नाही. शरीरावर खूण दाखवा, म्हणाले. लिनियसच्या २००० वर्षांहून अधिक आधी 'जाती' हा शब्द इतक्या काटेकोरपणे वापरलेला पाहून आम्हांला या धम्माचे अनुयायी असल्याचा अभिमान वाटतो.

वर्गीकरणाची वाट चुकली तेव्हा

पाश्चात्त्य विद्वानांना हा काटेकोरपणा नेहमी साधला असे नाही. १७५८ साली लिनियसने माणसाला वानरांच्या गणात बसवून 'होमो सेपियन्स' हे नाव दिले. त्या काळी हे धाडसच होते. पण त्याच पुस्तकात त्याने माणसांचे खंडाखंडांप्रमाणे चार मुख्य प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवले. युरोपातला माणूस कायद्याने चालतो आणि आफ्रिकेतला लहरीने, असे त्याने लिहिले. फुलांतले पुंकेसर मोजून वर्गीकरण करणारा हा माणूस आपल्याच भाईबंदांपाशी आला, तेव्हा मोजायचे सोडून ऐकीव मते लिहू लागला. या असल्या वर्गीकरणाचा आधार पुढे गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी निरनिराळ्या जातींच्या लोकांची नाके मोजून घेतली. नाक जितके रुंद तितकी त्या जातीची सामाजिक पायरी खालची, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ज्या नाकाने सगळे सारखाच श्वास घेतात, त्या नाकावर चातुर्वर्ण्य उभे करण्याचा हा खटाटोप होता.

याला उत्तर बाबासाहेबांनी दिले, आणि मोजमापांच्याच भाषेत दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नाकांची उपलब्ध मोजमापेच समोर मांडली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. त्याआधी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण, जे मंडळाने होऊ दिले नाही आणि बाबासाहेबांनी स्वतःच छापले, त्यातही हा मुद्दा आहे. माणूस आणि पशू या वेगळ्या जाती आहेत हे विज्ञान मानते. पण वंशशुद्धी मानणारे शास्त्रज्ञसुद्धा माणसांच्या वेगवेगळ्या वंशांना वेगवेगळ्या जीवशास्त्रीय जाती म्हणत नाहीत, कारण त्यांच्या संकरातून होणारी संतती वांझ नसते. अस्सलायन सुत्तातले खेचर आणि बाबासाहेबांचा हा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. धागा तोच आहे.

आजचे विज्ञान काय म्हणते?

त्यानंतर विज्ञान नाकावरून रक्तावर आणि रक्तावरून जनुकांवर आले. ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट प्रत्येक जातीधर्मात सापडतात. रुग्णालयात बाटली लावताना गट जुळवतात, गोत्र नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट शोधला. तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या गटाच्या रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते. सख्ख्या भावाचे जुळत नसेल तर दूरच्या अनोळखी माणसाचे जुळते. त्या क्षणी खरे रक्ताचे नाते कोणाशी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की माणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत असतो. म्हणजे दोन समूहांतल्या फरकापेक्षा एकाच आळीतल्या शेजाऱ्यांतला फरक मोठा. २००३ साली मानवी जनुकांचा आराखडा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कुठल्याही दोन माणसांचा आनुवंशिक मजकूर सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

कोणी विचारील, मग जाती आल्या कुठून? याचेही उत्तर बाबासाहेबांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी दिले होते. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की भारतातले लोक अनेक वंशांचे मिश्रण आहेत, आणि जातीचे खरे लक्षण एकच : जातीतल्या जातीत लग्न. २०१३ साली हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते आणि नंतर हे मिसळणे थांबत गेले, असे त्यांना आढळले. म्हणजे आधी माणसे एकत्र होती. दारे नंतर बंद झाली. दारे निसर्गाने बंद केली नाहीत. माणसांनी केली.

आणखी एक फरक सांगायचा राहिला. विज्ञानाचे वर्गीकरण पुरावा आला की बदलते. अळंबीला पूर्वी वनस्पतीत गणत असत. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची पद्धत मांडली आणि तिच्यात कवकांना वेगळी सृष्टी दिली. जनुकांची तुलना झाल्यावर तर कळले की अळंबी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. शास्त्रज्ञांनी वही दुरुस्त केली. कोणाचा धर्म बुडाला नाही. जातिव्यवस्थेच्या वहीत मात्र एकदा झालेली नोंद कधीच खोडली जात नाही, माणूस कितीही शिकला आणि कितीही मोठा झाला तरी. जी वही दुरुस्त होत नाही ती विज्ञानाची असूच शकत नाही.

मग दाखला कशाला?

रविवारच्या विहारातल्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला, तेव्हा बारावीच्या एका मुलीने विचारले, "दादा, जात निसर्गात नाही म्हणता, मग जातीचा दाखला का काढायचा?" प्रश्न रास्त आहे. जात निसर्गात नाही, पण जातीने केलेला अन्याय इतिहासात आहे आणि वर्तमानातही आहे. घरावर दरोडा पडला तर पोलिसांत नोंद करावीच लागते. नोंद केली म्हणून दरोडा योग्य ठरत नाही. दाखला ही त्या अन्यायाची नोंद आहे, आपल्या लायकीची नव्हे. धर्मांतरानंतरही हा अन्याय संपला नव्हता, म्हणूनच मोठ्या लढ्यानंतर १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. तेव्हा दाखला निःसंकोच काढावा, हक्क घ्यावा आणि जात मात्र डोक्यात ठेवू नये.

आपल्या उंबरठ्याच्या आत

हे सगळे दुसऱ्यांना सांगणे सोपे आहे. आता थोडे स्वतःकडे पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि सगळी माणसे समान मानण्याचे वचन दिले. तरीही वधुवर मेळाव्यात, चहाचा कप हातात असताना, हळूच आवाज येतो : "पाहुणे कुठल्या पोटजातीतले म्हणायचे?" मुलगा शिकलेला, मुलगी नोकरीची, दोन्ही घरे बौद्ध, दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो, आणि सोयरीक पोटजातीवरून मोडते. सात पायऱ्यांच्या वर्गीकरणात 'जाती' ही शेवटची पायरी. तिच्या खाली 'पोटजाती' नावाची आठवी पायरी माणसासाठी आपण कुठून आणली? ज्या वहीत आपल्याला तळाच्या ओळीत टाकले, तीच वही आपण घरात पुजायची काय?

लग्न जमवताना विचारायचेच असेल तर शील विचारा, व्यसन विचारा, शिक्षण विचारा आणि एक रक्ततपासणी विचारा. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. त्याचे जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्याकडेही आढळते. ते जात पाहून पसरले नाही; जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे ते टिकले. नवरा आणि बायको दोघेही या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक माणूस स्वतः सहसा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. त्याच त्याच चार घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी करत राहिले की असे लपलेले दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. साध्या रक्ततपासणीने जे कळते ते पोटजात विचारून कधीच कळणार नाही.

मुलांना काय द्यावे?

येत्या सुट्टीच्या दिवशी पालकांनी मुलांना घेऊन बाहेर पडावे. वडाचे, पिंपळाचे आणि उंबराचे एकेक पान गोळा करावे, खाली पडलेले उंबर कापून आतली फुले दाखवावीत. चिकाचा हात डोळ्यांना लावू देऊ नये. बाजारात कोबी, फुलकोबी आणि नवलकोल शेजारी ठेवून विचारावे, यांची जाती किती? जवळा निवडताना त्याचे पाय मोजायला लावावेत. एका वहीत सात रकाने आखून ओळखीच्या दहा झाडाप्राण्यांची नावे लिहून घ्यावीत. यात खर्च काही नाही. नजर तयार होते, आणि तयार झालेल्या नजरेला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

त्याच वहीत अकरावी नोंद माणसाची करावी. सृष्टी प्राण्यांची, संघ पाठीच्या रज्जूचा, वर्ग सस्तनांचा, गण वानरांचा, कुल होमिनिडी, प्रजाती होमो, जाती सेपियन्स. 'सेपियन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ शहाणा. हा शेवटचा रकाना भरताना आपल्या लेकरांना सांगावे की तू, तुझा मास्तर, तुझा मित्र, रस्ता झाडणारा, मंत्रालयात बसणारा, सगळ्यांची नोंद या एकाच ओळीत आहे. जो ही ओळ फोडून माणसांच्या चार ओळी करतो, त्याला विचार : शरीरावर खूण दाखव.

जय भीम! नमो बुद्धाय!